धार, बांधी, सवती

उन्हाळ्यात, तेंदूपानांचे पुडे मोकळ्या मैदानांवर वाळत घातलेले असतात त्या दिवसांत, माझ्या नवऱ्याच्या तोंडातून नावे गेली. सकाळी चहा घेता घेता कप कलंडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही सांगायला तोंड उघडले, आणि जे बाहेर आले ते कोणत्याच भाषेतले नव्हते. अहेरीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून नागपूर असा प्रवास झाला. आष्टीच्या पुलावरून जाताना तापलेल्या वाळूचा वास आत आला. तो आला होता हे मला ठाऊक आहे, पण तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता. पुढे कितीतरी महिने सगळे तसेच होत राहिले. वास येत, चवी येत, हाताला ऊन-थंड लागत असे, आणि ते सारे उंबऱ्याशीच थांबत असे. कवितेवर वाढलेल्या बाईला हे कळायला वेळ लागला नाही. फक्त कळण्यापलीकडे त्याचे काही झाले नाही.

मेंदूला झटका आला होता. हातपाय वाचले, समज वाचली. डॉक्टरांनी चमचा समोर धरला की ते तोंडापाशी हात नेऊन खाण्याची खूण करत, पण 'चमचा' म्हणता येत नसे. वाचता येई, पण वाचलेले नाव उघडत नसे. बंद घराच्या पाटीसारखे ते नुसते दिसत राही. आकडे मात्र त्यांना सोडून गेले नव्हते. नागपूरच्या खाटेवर त्यांनी माझ्या हातातले औषधाचे पाकीट घेतले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक लांब समीकरण सोडवून दाखवले. अक्षर पूर्वीसारखेच, किंचित उजवीकडे झुकलेले.

ते अहेरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत, मी त्याच गावातल्या शाळेत मराठी. पावसाळ्याच्या मध्यावर त्यांचे प्राचार्य घरी आले. भले गृहस्थ, सांगायचे ते सांगण्याआधी त्यांनी पिकापाण्याच्या बऱ्याच गोष्टी केल्या. मग म्हणाले की रजा दिवाळीपर्यंत पुरेल. दिवाळीनंतर सरांनी बारावीचा वर्ग घेऊन पाहावा. हिवाळ्यातल्या घटक चाचणीपर्यंत निभावले तर सर कायम वर्गात, नाही तर चंद्रपूरला वैद्यकीय मंडळापुढे जाऊन निवृत्तीचे कागद करावे लागतील.

नवऱ्याने ते सगळे ऐकले आणि त्यांना ते समजले. दुसऱ्या सकाळपासून ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून पुढच्या खोलीत बसू लागले. कॉलेजला निघण्याची वेळ येई आणि टळे, मग ते शर्ट उतरवून घडी घालून ठेवत. त्यांना वर्ग परत हवा होता. त्या वर्षी त्यांनी दुसरे काहीच मागितले नाही.

त्यांचा वर्ग एका यंत्रावर चालत असे. एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून आणून दिलेला, आलेख काढणारा कॅल्क्युलेटर. तळहातापेक्षा थोडा मोठा, करड्या रंगाचा, सरकत्या झाकणाचा. वरच्या ओळीतल्या कळांवरची अक्षरे बोटांनी पुसून गेलेली. कॉलेजातला प्रोजेक्टर कुलपात असे आणि बाहेर असला तर वीज नसे. म्हणून ते फळ्यावर समीकरण लिहीत आणि यंत्र बाकाबाकांवरून फिरवत. आकडे भरले की पडद्यावर वक्र उमटू लागे, डावीकडून उजवीकडे, ठिपक्याठिपक्याने, इतका सावकाश की मुले श्वास धरून त्याच्या वळणाची वाट पाहत. प्रत्येक प्रकारच्या आलेखासाठी त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. यंत्राचा नियम असा की प्रोग्रामच्या नावाला रोमन लिपीतली आठच अक्षरे मिळतात, आणि यादी ते आपणहून वर्णानुक्रमे लावते. त्यांनी दिलेली नावे म्हणजे इंग्रजी शब्दांचे कापून बसवलेले तुकडे होते.

आजारानंतर यंत्र पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा त्यांचे बोट यादीवरून खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. एखादे नाव ते उघडत, आतल्या ओळी वाचत, आणि चेहरा लगेच निवळे. हा कशाचा हे त्यांना आतून ताबडतोब कळे. बंद केला की ते नाव पुन्हा मुके. हवा तो प्रोग्राम शोधायला सगळे एकामागून एक उघडावे लागत. घरी ते चालले असते. मुलांनी भरलेल्या वर्गात चालणार नव्हते.

नागपूरची वाचा-उपचार करणारी मुलगी आठवड्यातून एकदा मोबाइलच्या पडद्यावर दिसे. नेटवर्क गेले की अर्ध्या शब्दावर गोठे. तिला मी हे सांगितले. ती म्हणाली, जुनी नावे ओढून आणू नका, सरांना धरता येईल अशी नवी द्या. मला ते काम आपले वाटले. शब्दांवरच माझे शिक्षण झालेले. मी एका दुपारी यादी घेऊन बसले आणि त्या वक्रांना क्षितिज, वलय, तरंग असली नावे शोधून दिली, आठ अक्षरांत बसवून. त्यांनी सौजन्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी यादी उघडली तर त्यांचे बोट पूर्वीसारखेच वर-खाली फिरत राहिले. माझी नावे कानाला बरी होती आणि त्यांच्या हाताला लागत नव्हती. मला वाईट वाटायला हवे होते. मी ती एकेक करून पुसली.

धानाची रोवणी आटोपल्यावर सासूबाई गावाहून आल्या. चामोर्शीच्या बाजूला त्यांची थोडी धानाची शेती आहे. चिखलाने पायांच्या भेगा अजून काळ्या होत्या. त्या पुढच्या खोलीत पाय पसरून बसल्या, बोटाने दातांना तंबाखूची गुडाखू लावू लागल्या आणि मुलाकडे पाहत राहिल्या. तो त्या यंत्रात मान घालून बसलेला.

"काय करून राह्यला गा बाबू? टीवी होय का हे?"

त्यांनी पडदा आईकडे वळवला. वक्र नुकताच चढायला लागला होता. सासूबाईंनी तो चढून, वळून, उतरेपर्यंत पाहिला.

"हे त नळाची धार होय," त्या म्हणाल्या. "नळाले बोट लावलं का अशीच उडते. लहानपणी किती मार खाल्ला तू याच्यापायी."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि कळांकडे बोट दाखवले. मी त्या प्रोग्रामला 'धार' असे नाव घातले. सकाळी यादी उघडल्यावर त्यांचे बोट थेट तिथेच जाऊन थांबले.

मग तो रोजचा उद्योग झाला. जेवणे झाली की ते यंत्र घेऊन आईजवळ बसत, आलेख काढून दाखवत, त्या काय दिसते ते सांगत आणि ते मान हलवून हो किंवा नाही म्हणत. मी लिहिणारी. वक्राखालचे क्षेत्रफळ मोजणारा प्रोग्राम खालचा भाग काळा करत जाई. सासूबाई म्हणाल्या, ही बांधी होय. तिन्ही बाजू सरळ, एक धुरा तेवढा वाकडा. आमच्या भागात धानाच्या खाचराला बांधी आणि त्याच्या बांधाला धुरा म्हणतात. मधोमध फुगून दोन्हीकडे निमुळता होणारा आलेख म्हणजे खळ्यातली रास. दोन बिंदूंतून जाणारी रेषा म्हणजे दोरी, यात त्यांना काही विशेष वाटले नाही. लंबगोल आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे तिरके पाहिले.

"ही तुह्या बायकोची पोळी. गोल झाली कवा?"

ते हसले. आजारानंतर मी त्यांचे हसू पहिल्यांदा ऐकले. एका बाजूने थोडे ओढलेले, पण आवाज तोच. 'पोळी' हे नाव कायम झाले.

सगळेच जमले असे नाही. पुष्कळदा त्या कंटाळत आणि मालिका लावायला सांगत. पुष्कळदा त्यांना प्रत्येक वाकडी रेघ म्हशीची पाठच दिसे आणि मुलगा मान हलवून नकार देत राही, मग दोघेही एकमेकांवर रुसत. एका आलेखात दोन वक्र एकमेकांपासून दूर वळलेले असतात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, मध्ये रिकामी जागा. त्यांनी मान तिरकी करून तो पाहिला. मग म्हणाल्या, "ह्या सवती होत. एकमेकीकडं पाठ करून बसल्या." मी नाव घालताना सासूबाईंकडे पाहिले. त्यांना सवत कधी नव्हती. शेजारच्या घरी होत्या, असे त्या नंतर म्हणाल्या, आणि एकीने दिलेले मीठ दुसरी कशी परत पाठवायची ते त्यांनी सांगितले. वर-खाली वळवळत जाणारा आलेख पाहताच त्यांनी अंग चोरले. दिवेलागणीची वेळ होती. नाव नाई घ्यायचं त्याचं, जनावर म्हण, असे त्यांनी बजावले. म्हणून यादीत साप नाही, जनावर आहे.

नाव टाळून माणूस किंवा वस्तू दाखवणे हे सासूबाईंचे जन्माचे काम. माझ्या सासऱ्यांचे नाव आठवड्यातल्या एका वाराचे होते. आमच्या भागात जुन्या माणसांची अशी नावे असतात. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून लग्न झाल्यापासून तो वार सासूबाईंनी उच्चारलेला नाही. त्या दिवसाला त्या बाजाराचा दिवस म्हणतात. त्या वारी बाजार भरत नाही अशा गावी गेल्या तर अमक्याच्या आदला, तमक्याच्या नंतरचा, असे वळसे घेतात आणि ऐकणाऱ्याला बिनचूक तिथे नेऊन पोचवतात. सासरे जाऊन बरीच वर्षे झाली तरी वळसा सुटलेला नाही. तो वार कोणता, हे मीही येथे लिहीत नाही. या घरात राहून मलाही ती सवय लागली आहे.

म्हणून मुलाला नावे येत नाहीत याचा धक्का त्यांना माझ्याइतका बसला नव्हता. एका दुपारी पाण्याचा पेला मागताना नवऱ्याचे ओठ नुसतेच हलत राहिले. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी हातातली वही भिंतीवर फेकली. सासूबाई उठल्या, पाणी आणून दिले आणि पुन्हा पाय पसरून बसल्या.

"तुह्या बापाचं नाव मी कवा घेतलं?" त्या म्हणाल्या. "तरी तो येत होता ना?"

ते पाणी प्यायले. मी वही उचलून ठेवली. त्या वाक्याने माझ्या आत काही हलेल म्हणून मी थांबून पाहिले. बाहेर कोणाच्या तरी अंगणात धानाचे ओले तूस जळत होते. धूर खिडकीतून येऊन डोळ्यांना लागला आणि डोळ्यांत पाणी आले, तेवढेच.

नावे झाली, मग क्रम लावायचा राहिला. त्यांना यादी पुस्तकातल्या पाठांच्या क्रमाने हवी होती. पहिला पाठ वर, शेवटचा खाली. यंत्र ते ऐकत नव्हते. मी प्रत्येक नावाच्या आधी एकेक अक्षर जोडून पाहिले, म्हणजे क्रम साधेल. क्रम साधला आणि त्यांचे बोट पुन्हा भटकू लागले. पुढे अक्षर चिकटलेली बांधी त्यांना बांधी वाटेना. मग यमक जुळवावे तसे मी हव्या त्या अक्षराने सुरू होणारे पर्यायी शब्द शोधले. ते ऐकून न घेताच त्यांनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतले. शेवटी यादी वर्णानुक्रमेच राहिली. बांधी सर्वांत वर, सवती सर्वांत खाली.

या सगळ्या ओढाताणीत एक घोळ झाला. 'बांधी' चालवायला घेतली तर पडदा मध्येच थांबला आणि त्यावर चूक झाल्याचा संदेश आला. पुन्हा केले, पुन्हा तेच. तो प्रोग्राम आपले काम करता करता दुसऱ्या एका लहान प्रोग्रामला त्याच्या नावाने बोलावत होता, आणि त्या लहानग्याचे नाव मी बदलून टाकले होते. जुन्या नावाने हाक जात होती आणि तिथे त्या नावाचे कोणी उरले नव्हते. मला वाटले, आपण त्यांचे सगळे मोडले. त्यांनी यंत्र घेतले, 'बांधी' उघडली, ओळींमागून ओळी खाली गेले, एका ओळीवर थांबले आणि तिथले जुने नाव पुसून नवे घालायला यंत्र माझ्यापुढे धरले. मग न सांगता बाकीचे प्रोग्राम उघडून त्या त्या जागा त्यांनी दाखवल्या. एकही चुकली नाही. कोण कोणाला बोलावतो हे त्यांच्या डोक्यात जसेच्या तसे होते.

दिवाळीनंतर ते वर्गात गेले. पहिल्या दिवशी मी रजा घेतली आणि प्राचार्यांच्या परवानगीने दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. गावाच्या कडेला धान कापणी चालू होती. उघड्या खिडक्यांतून पेंढीची कोरडी धूळ येत होती. त्यांनी फळ्यावर समीकरण लिहिले, खडूचा हात पक्का होता. मग वळून मुलांकडे पाहिले. त्यांच्याकडे चारदोन शब्द होते: हे, असं, नाही, बरं. वर ट्यूबलाइट गुणगुणत होती. त्यांनी यंत्र उघडले, यादीत बोट टेकवले आणि पहिल्या बाकावर दिले. भामरागडकडून येऊन वसतिगृहात राहणारी एक मुलगी तिथे होती. तिने पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचले.

"सवती."

वर्ग हसला. तेही हसले. मग त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन, पाठीला पाठ, अशी खूण केली आणि फळ्यावर ते दोन वक्र काढले. यंत्र बाकावरून बाकावर गेले. ज्याच्या हाती येई तो नाव वाची, आकडे भरी, पाही आणि पुढे देई. तास संपला तेव्हा व्हरांड्यात प्राचार्य उभे होते. त्यांनी मला मान हलवून बरे आहे असे सांगितले.

असे आठवडे गेले. मी माझ्या शाळेत जाऊ लागले. ते संध्याकाळी बाह्यांना लागलेला खडू घेऊन येत, जेवत, गाढ झोपत. सासूबाई कापणीला गावी गेल्या. जाताना त्यांनी मला, बाई, आता पोळी गोल कर, असे सांगितले. घटक चाचणी झाली आणि आम्ही तिचा फारसा विचारही केला नाही. मुलांना गणिते येत होती. हे सांगायला ते मला वहीत त्यांची उत्तरे लिहून दाखवत. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली, मग भांडी घासायला घेतली.

प्राचार्यांनी दोघांना बोलावले तेव्हा त्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. चाचणीचे पेपर तालुक्यातली कॉलेजे एकमेकांकडे तपासायला देतात, त्यामुळे ते बाहेरून तपासून आलेले होते. त्यांनी एक पेपर उघडून आमच्याकडे फिरवला. प्रश्नात चार वक्रांची चित्रे होती आणि प्रत्येकाचे नाव लिहायचे होते. मुलाने ठळक रोमन अक्षरांत, यंत्रात असतात तशी, धार, पोळी, सवती अशी उत्तरे लिहिली होती. दुसरा पेपर तसाच. तिसराही. क्षेत्रफळ कोणत्या पद्धतीने काढले, या प्रश्नाखाली बांधी. एका पेपरात सवतींच्या पुढे इंग्रजीत कारणही दिले होते की त्या एकमेकींकडे पाठ करून बसतात. तपासणाऱ्याने प्रत्येक नावाभोवती लाल गोल करून प्रश्नचिन्ह काढले होते. बाकी सगळी गणिते बरोबर.

"हसू का रडू मले समजत नाई, वहिनी," प्राचार्य म्हणाले. "पोरं हुशार आहेत. पण बोर्डाचा पेपर नागपूरले कोणी तपासला त त्याले सवती कुठून माहीत?"

पुढे ते बरेच बोलले, आणि जपून बोलले. दुसरा शिक्षक शेजारी बसवू, तो नावे सांगेल. किंवा सरांना ग्रंथालयात जागा आहे, तिथे बोलावे लागत नाही. किंवा जसे चालले आहे तसे चालू द्यावे, पण मग परीक्षेच्या निकालाची जबाबदारी कोणी घ्यायची, ते सरांनीच सांगावे. मी म्हणाले की मुलांना पुस्तकातली नावे आता शिकवता येतील, परीक्षेला अवकाश आहे. माझा आवाज शाळेत हजेरी घेताना असतो तसा सरळ होता.

नवरा ऐकत नव्हता. ते एकेक पेपर उघडून शेवटपर्यंत पाहत होते. कोणाचे अक्षर कोणाचे, हे त्यांना कळत असावे. भामरागडच्या मुलीच्या पेपरापाशी ते थांबले. त्यांनी लाल गोलातल्या सवतींवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. खरे नाव मागत होते. मला ते येत नव्हते. त्या सगळ्या महिन्यांत ते आलेख मीही सासूबाईंच्याच नावांनी ओळखत होते.

"हायपरबोला," प्राचार्य हळूच म्हणाले.

त्यांनी ओठ जुळवले. पहिला आवाज निघाला आणि तिथेच राहिला. पुन्हा प्रयत्न केला. प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर सायकलींच्या रांगेत कोणी तरी कोणाला चिडवत होते. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ हलवलेच नाहीत. गठ्ठ्याच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, त्यावर हात ठेवला.

"पुरे," ते म्हणाले.

शब्द पूर्ण होता, स्वच्छ. आजारानंतर तो मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. प्राचार्यांनी मान खाली घातली. मी काही बोलणार होते, मुलांचे, परीक्षेचे, आणखी महिनाभराचे; त्यांनी माझे मनगट धरले. त्यांचा हात गरम होता.

त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षिका आली. माझ्यासारखीच वरोऱ्याकडची. एके दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी आली, कारण नवऱ्याने तिला यंत्र देऊ केले होते. कसे सांगितले कोणास ठाऊक. कॉलेजात जाऊन तिच्यापुढे धरले असावे. ती संकोचून म्हणाली की मुलांना याची सवय आहे, मला उपयोग होईल, फक्त सर, नावे पुस्तकातली करावी लागतील. त्यांनी मान हलवली आणि तिला शेजारची खुर्ची दाखवली. मी पाठ्यपुस्तक उघडून समोर बसले, चित्रे जुळवून नाव सांगायला.

तिने 'धार' चालवली. वक्र चढू लागला तसे तिने नाव म्हटले, त्यांनी होकार दिला, तिने दोन्ही अंगठ्यांनी झरझर बदलले. 'पोळी' तशीच. 'जनावर' पाहून ती मला विचारणार होती, तेवढ्यात त्यांनी हवेत बोटाने वर-खाली रेघ ओढली. "साइन कर्व, हो ना सर?" ती म्हणाली आणि तेही झाले. लहान प्रोग्रामचे नाव ती बदलायला लागली तेव्हा त्यांनी तिचा हात थांबवला, 'बांधी' उघडून ती ओळ दाखवली. "अरे हो, इथी बी बदलावं लागन," ती म्हणाली. माझ्या मांडीवरचे पुस्तक त्यांना लागले नाही. ती नावे म्हणत होती, ते मान हलवत होते आणि काम पुढे जात होते.

शेवटी 'सवती' आली. तिने तोंडावर हात ठेवून हसू दाबले.

"सर, हे राहू द्यायचं का?"

त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवून नाही म्हटले. पुस्तकातले नाव यंत्रात मावेना. शेवटचे अक्षर तिने सोडून दिले.

मग तिने उद्याचा तास कुठून सुरू करावा ते विचारले. त्यांनी कागद ओढला, समीकरण लिहिले, त्याखाली दुसरे लिहिले, आणि दोन्हींच्या मध्ये एक आडवी रेघ काढून तिच्याकडे पाहिले. तिला ते कळले. "आधी हे, मंग हे," ती म्हणाली. ते पुन्हा लिहू लागले. त्यांनी तिच्यासाठी सगळा पाठ लिहून दिला. ती मधून मधून बरं सर, बरं सर म्हणत राहिली. अंधार पडायच्या आत पोचायचे म्हणून ती उठली, यंत्र पिशवीत ठेवले, वाकून त्यांच्या पाया पडली आणि गेली.

ते दारात उभे राहिले. तिची गाडी कोपऱ्यावर वळली तरी ते तसेच होते. चहा ठेवू का, मी विचारले. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मी पाहिले नाही. मी आत गेले आणि चहा ठेवला.